ब्रेन हॅमरेजनंतर कामावर रुजू होताना: आधी तासांचा हिशेब, मग तारीख

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४४. साडेतीन महिन्यांपूर्वी बीपी वाढून मेंदूच्या उजव्या भागात रक्तस्राव झाला. ऑपरेशन करावं लागलं नाही. डावा हात-पाय बऱ्यापैकी पूर्ववत झालाय, ताज्या स्कॅनमध्ये रक्ताची गुठळी विरघळलेली दिसते आणि डॉक्टरांनी 'कामावर जायला हरकत नाही' असं लिहून दिलंय. काम हिशेब विभागातलं, दिवसभर स्क्रीनसमोर, महिनाअखेरीला रात्री उशिरापर्यंत. पण घरी दीड-दोन तास वाचलं किंवा आकडेमोड केली की डोकं चालेनासं होतं. ऑफिस तारीख मागतंय. एक तारखेपासून पूर्णवेळ रुजू व्हावं का?

पूर्णवेळ नको. रुजू जरूर व्हा, पण टप्प्याटप्प्यानं आणि मोजूनमापून.

डॉक्टरांनी जे लिहून दिलं त्याचा अर्थ आधी नीट समजून घ्या. रक्तस्राव थांबला आहे, बीपी आटोक्यात आहे, चालताबोलता येतं, म्हणजे घराबाहेर पडून काम करण्यात वैद्यकीय धोका दिसत नाही, एवढं त्या कागदावर आहे. आठ तास सलग लक्ष देऊन आकडे तपासण्याची ताकद मेंदूत परत आली आहे का, हा निराळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर स्कॅनमध्ये दिसत नाही आणि दहा मिनिटांच्या ओपीडी तपासणीतही कळत नाही. तुमची खरी अडचण त्या दुसऱ्या प्रश्नाची आहे. दीड तासानं डोकं बंद पडतं, हे तुम्ही स्वतःच मोजून सांगितलंय. नियोजन त्या आकड्यावरून सुरू करायचं.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या आधी सांगायला हव्यात. रक्तस्राव कुठे झाला, केवढा झाला, का झाला, नंतर आकडी (फिट) आली का, कवटी उघडावी लागली का, यावर पुढचं सगळं बदलतं. डाव्या भागातल्या रक्तस्रावानंतर अनेकांना बोलणं, शब्द सापडणं, लिहिणं जड जातं; त्यांच्यासाठी फोनवर बोलणं हे ऑफिसातलं सगळ्यात अवघड काम असतं. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली असेल तर प्रत्येक काम वेगवेगळं जमतं, पण दिवसाची आखणी कोलमडते. लहान मेंदूतल्या रक्तस्रावात तोल आणि हातांची अचूकता जाते. रक्तवाहिनीवरचा फुगा फुटून मेंदूभोवती रक्तस्राव झालेल्यांचे हातपाय अनेकदा अगदी ठीक दिसतात, पण स्मरणशक्ती आणि थकवा मात्र महिनोन्महिने त्रास देतात. म्हणून दुसऱ्या कुणी किती आठवड्यांत काम सुरू केलं, याच्याशी तुलना करून काही हाती लागत नाही.

तुमचा रक्तस्राव उजव्या बाजूचा आहे आणि काम आकड्यांचं, म्हणून एक गोष्ट रुजू होण्याआधी तपासून घ्याच. उजव्या मेंदूच्या इजेत डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होऊ शकतं. डोळे चांगले असतात, पण मेंदू डावीकडचं हिशेबात धरत नाही. असं दुर्लक्ष ठळक असेल तर ते डिस्चार्जच्या आधीच लक्षात येतं: ताटातलं डावीकडचं अन्न तसंच राहतं, दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतो. सौम्य असेल तर ते थेट कामातच उघडं पडतं. १,२५,००० हा आकडा २५,००० असा वाचला जातो, तक्त्यातला सगळ्यात डावीकडचा रकाना सुटतो, आणि सुटलाय हे कळतही नाही. शिवाय उजव्या बाजूच्या इजेत स्वतःच्या उणिवांची जाणीवही कमी होऊ शकते, त्यामुळे 'मला तर काही जाणवत नाही' हे उत्तर इथे पुरेसं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दृष्टिक्षेत्राची, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं याची, तपासणी करून घ्या आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणारे) किंवा न्यूरोसायकॉलॉजिस्ट (मेंदूच्या इजेनंतर विचारक्षमता तपासणारे) यांच्याकडून लक्ष, वेग आणि नियोजन यांची सविस्तर चाचणी करून घ्या. दवाखान्यात स्मरणशक्ती आणि लक्ष बघायला घेतात ती तीस गुणांची छोटी चाचणी चांगल्या गुणांनी पार पडली तरी समाधान मानू नका. ती शांत खोलीत, एकेक प्रश्न विचारून काही मिनिटांत संपते. फोन वाजत असताना दोन वह्या पडताळणं त्यात कुठेच नसतं.

आता थकव्याकडे वळतो, कारण तुमचं घोडं तिथेच अडलंय. आजारपणात शक्ती कमी झालेली असते म्हणून येणारा थकवा आणि हा थकवा यांत फरक आहे. पूर्वी आपोआप होणाऱ्या गोष्टी मेंदूला आता मुद्दाम कराव्या लागतात: मागचा आवाज बाजूला सारणं, आधीच्या ओळीतला आकडा लक्षात ठेवणं, मध्येच उठून आल्यावर कुठे होतो ते शोधणं. म्हणून तेवढ्याच कामाला पूर्वीपेक्षा जास्त श्रम पडतात. हा थकवा हळूहळू चढत नाही, एकदम कोसळतो. रात्रभर झोपूनही पूर्ण जातोच असं नाही. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे त्याचा मोठा हिस्सा दुसऱ्या दिवशी येतो. सोमवारी उत्साहात पाच तास काम होतं, घरी येऊन बरंही वाटतं आणि मंगळवारी उठवत नाही. म्हणून 'काल किती काम झालं' यापेक्षा 'आज सकाळी कसा उठलो' हे माप जास्त खरं असतं. माझं सगळं नियोजन याच मापावर चालतं.

हे माप कामात आणायला एक वही ठेवा. कामाचा प्रकार, सुरू केल्याची वेळ, पहिली चूक झाली किंवा तीच ओळ दुसऱ्यांदा वाचावी लागली ती वेळ, थांबल्याची वेळ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा थकवा शून्य ते दहामध्ये. दहा दिवसांत चित्र स्पष्ट होतं. थकवा जाणवण्याच्या बराच आधी चुका सुरू झालेल्या दिसतात, आणि तुमची मर्यादा तीच समजायची. समजा ती ६० मिनिटं निघाली, तर ४० मिनिटांवर थांबायचं, म्हणजे मर्यादेच्या दोन तृतीयांशावर, आणि १० मिनिटं विश्रांती. या विश्रांतीत मोबाइल नको, गप्पा नकोत; डोळे मिटून किंवा खिडकीबाहेर बघत बसायचं. मोबाइल चाळणं हेही मेंदूला कामच आहे. विश्रांती घड्याळावर घ्यायची, दमल्यावर नाही. दमल्यावर घेतलेल्या विश्रांतीतून सावरायला कितीतरी जास्त वेळ लागतो.

थकव्याची उपचार होण्यासारखी कारणं आहेत का, हे मात्र आधी बघून घ्या. सगळं हॅमरेजवर ढकलू नका. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर झोपेची तपासणी करा. हा विकार या रुग्णांत बराच आढळतो आणि त्यानं बीपीही चढतं राहतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तातलं सोडियम बघा. आकडीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, आणि त्यांतल्याच लेव्हेटिरासिटॅमनं काहींची चिडचिड वाढते. बीपीची औषधं गरजेपेक्षा जास्त होऊन उभं राहिल्यावर बीपी घसरत असेल तरी माणूस दिवसभर गळून जातो. मेंदूभोवती रक्तस्राव झालेल्यांत पिट्युटरी या मेंदूतल्या, हार्मोन सांभाळणाऱ्या ग्रंथीचं काम मंदावलेलं असू शकतं. आणि नैराश्य, स्ट्रोक (मेंदूतला रक्तस्राव किंवा मेंदूचा रक्तपुरवठा अडणं) झालेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला ते कधी ना कधी येतं, आणि पुष्कळदा ते रडण्यातून न दिसता थकव्यातून आणि कशातच रस न वाटण्यातून दिसतं. यापैकी प्रत्येकावर उपाय आहे. कोणतीही गोळी स्वतःहून कमी किंवा बंद करू नका, एवढंच.

बीपीबद्दल मी कडक आहे. तुमचा रक्तस्राव बीपीमुळे झाला, म्हणून कामावर जाण्याची पहिली अट बीपीचीच. अशा रक्तस्रावानंतर साधारणपणे १३०/८० च्या खाली बीपी ठेवायला सांगतात. तुमच्यासाठीचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, आणि एक-एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी. रुजू झाल्यावर पहिले सहा आठवडे कामाच्या दिवशी संध्याकाळचं मोजमाप चुकवू नका. घरी १२४ असणारं वरचं बीपी ऑफिसच्या दिवशी १५० दाखवत असेल, तर तास वाढवणं थांबवा आणि डॉक्टरांना आकडे दाखवा. सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणारं औषध असतं, त्यानं बीपी चढतं. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही चढतं. मान-खांदा दुखला म्हणून सहकाऱ्याच्या टेबलावरची गोळी घेऊ नका, आणि ॲस्पिरिन तर न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

महिनाअखेरीच्या जागरणांचं काय, हेही इथेच सांगतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासात आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त आढळला. ज्याला एकदा रक्तस्राव झालाय त्यानं हा धोका पुन्हा अंगावर घेऊ नये. आकडी येण्याची शक्यता असणाऱ्याला तर अपुरी झोप हेच मोठं निमित्त ठरतं. पहिले तीन महिने महिनाअखेरीच्या कामातून पूर्ण सूट मागा. पुढेही ते काम दिवसा आणि वाटून घेऊन होईल, अशी व्यवस्था मागा.

रुजू होण्याआधी दोन-तीन आठवडे घरीच सराव करा. ऑफिसच्या दिवशी उठायचं त्या वेळेला उठा, आवरा, बाहेरचे कपडे घाला आणि टेबलाशी बसा. जुनी व्हाउचरं किंवा बँकेची जुनी स्टेटमेंट घेऊन पडताळणी करा, कारण पेपर वाचणं आणि पडताळणी करणं यांत मेंदूला पडणारे श्रम सारखे नाहीत. पहिल्या आठवड्यात शांततेत, ४० मिनिटांचे दोन टप्पे. दुसऱ्या आठवड्यात तीन टप्पे, त्यातला एक रेडिओ लावून. तिसऱ्या आठवड्यात घरच्यांना मध्येच हाक मारायला, फोन करायला सांगा आणि नंतर धागा परत पकडायला किती वेळ लागतो ते वहीत लिहा. रोजच्या वाहनानं ऑफिसपर्यंत जाऊन परत येण्याची एक फेरीही गर्दीच्या वेळी करून बघा. अनेकांचा निम्मा जोर प्रवासातच संपतो. तसं झालं तर येण्याजाण्याच्या वेळा बदलून मागणं हे तास कमी करण्याइतकंच महत्त्वाचं ठरतं.

सरावात दोन तास नीट जमले आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ बरी गेली, तर ऑफिसचा आराखडा साधारण असा ठेवा. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, आठवड्यातून तीन दिवस, रोज तीन तास. पुढचे दोन आठवडे दिवस तेच, तास चार. मग चार दिवस, चार तास. मग चार दिवस, पाच तास. त्यानंतर पाच दिवस. रोज अर्धा दिवस जाण्यापेक्षा मी सुरुवातीला एक दिवसाआड सुचवतो, कारण मधला मोकळा दिवस आदल्या दिवसाची खरी किंमत दाखवतो. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. तास वाढवले त्या आठवड्यात नवं काम घ्यायचं नाही. नवी जबाबदारी घेतली तर तास तेवढेच ठेवायचे. दोन्ही एकदम वाढवून बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते कळत नाही. आठवड्यात कामाच्या दिवसानंतरच्या दोन सकाळी थकवा सातच्या वर गेला, तर एक पायरी मागे या आणि तिथे दोन आठवडे थांबा. मागे येण्यात काही गमावलं जात नाही. हे वेळापत्रक आठ आठवड्यांत पूर्णवेळावर नेतं असं नाही. कित्येकांना चार-सहा महिने लागतात, आणि काहींसाठी पाच-सहा तासांचा दिवस हाच कायमचा तोडगा ठरतो.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा एकाच ठिकाणी: तास निम्मे होतात, काम मात्र पूर्वीइतकंच राहतं. मग माणूस चार तासांत आठ तासांचं उरकायला बघतो किंवा उरलेलं घरी आणतो. म्हणून तास कमी करताना कामाची यादीही लेखी कमी करून घ्या: कोणत्या खात्यांची पडताळणी तुमच्याकडे, कोणती दुसऱ्याकडे. दुसरी अडचण साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते. सुरुवातीचा उत्साह ओसरतो, सहकारी 'आता बरे दिसताय' म्हणून कामं सरकवायला लागतात आणि साठत आलेला थकवा तेव्हाच वर येतो. हे होणार हे धरून त्या आठवड्यांत आराखड्याबाहेरचं काहीही वाढवू नका. तिसरी गोष्ट घरी दिसते: ऑफिसात सगळं ठीक, पण घरी आल्यावर मुलांवर खेकसणं, न जेवता झोपणं, आंघोळीचाही कंटाळा. सगळी ताकद ऑफिसात खर्च होत असेल तर ते वेळापत्रक जमलं असं मी मानत नाही. म्हणून वहीत एक रकाना घरच्यांच्या हातचा असू द्या. त्यांना जे दिसतं ते तुम्हाला दिसेलच असं नाही.

ऑफिसातल्या सोयी साध्या असतात. जागा भिंतीकडे तोंड करून किंवा कोपऱ्यात, ये-जा असलेल्या वाटेवर नको. ईमेल आणि निरोप दिवसातून ठरावीक तीन वेळा बघायचे. मीटिंग अर्ध्या तासाची, विषय आधी लिहून आलेले, आणि दिवसात एकच. तोंडी सूचना आली तर 'एका ओळीत लिहून पाठवाल का' असं विचारायची सवय लावा. तक्त्याच्या डाव्या कडेला ठळक रंगाचा रकाना ठेवा आणि तो रंग दिसल्याशिवाय ओळ वाचायला सुरुवात करायची नाही, असा नियम करा. ओळीखाली पट्टी धरून वाचा. सगळ्यात डोकं लागणारं काम दिवसाच्या पहिल्या तासात करा. आणि पहिले तीन महिने तुमचे अंतिम आकडे दुसऱ्या कुणीतरी तपासावेत. यात कमीपणा मानू नका. सापडलेल्या चुका लिहून ठेवल्या तर तीन महिन्यांनी तपासणी कधी काढायची याचा पुरावाच हाती येतो.

वरिष्ठांना आजाराचा सगळा इतिहास सांगायची गरज नाही. डॉक्टरांकडून पत्र घ्या, पण 'हलकं काम द्यावं' असं मोघम नको. त्याचा अर्थ प्रत्येकजण आपल्या सोयीनं लावतो. सलग किती वेळ काम, किती विश्रांती, दिवसाचे तास, रात्रीचं काम नाही, महिनाअखेरीतून सूट, आणि कोणत्या तारखेला फेरविचार, एवढं त्यात स्पष्ट असावं. सहकाऱ्यांसाठी एक वाक्य तयार ठेवा: 'तब्येत सुधारतेय, पण गोंगाटात लक्ष लवकर उडतं, म्हणून मध्ये मध्ये थांबतो.' हातपाय ठीक दिसणाऱ्या माणसाचा थकवा लोकांना दिसत नाही, तो सांगावाच लागतो.

वाहन चालवण्याचा निर्णय ऑफिसच्या निर्णयाहून वेगळा ठेवा. दृष्टिक्षेत्र आणि डावीकडचं लक्ष तपासल्याशिवाय, आणि तुमच्याकडच्या परवान्याच्या नियमांत बसत असल्याशिवाय, स्टिअरिंगवर बसू नका. आकडी येऊन गेली असेल तर उंचीवरचं काम, चालती यंत्रं आणि एकट्यानं रात्रपाळी हेही न्यूरॉलॉजिस्टच्या लेखी परवानगीशिवाय नाही. टेबलावरच्या कामात हा प्रश्न कमी येतो, पण वजनदार फायलींचे गठ्ठे श्वास रोखून उचलू नका. त्या क्षणी बीपी एकदम उसळतं.

एकदम उठलेली असह्य डोकेदुखी, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक तोल जाणं किंवा दिसेनासं होणं, आकडी, किंवा उलट्यांसोबत ग्लानी, यांपैकी काहीही झालं तर 'थकवा असेल' म्हणून थांबायचं नाही, लगेच रुग्णवाहिका. शेजारी बसणाऱ्या एका सहकाऱ्याला ही लक्षणं आणि घरचा फोन नंबर सांगून ठेवा. चाल मंदावणं, लघवीवरचा ताबा जाणं आणि विसरभोळेपणा काही आठवड्यांत एकत्र वाढत गेले तर मेंदूत पाणी साठत असू शकतं. त्यासाठीही लवकर दाखवा.

ऑफिसला आत्ता पूर्णवेळाची तारीख देऊ नका. या आठवड्यात एवढं कळवा: डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, तीन आठवडे तयारी आणि तपासण्या चालू आहेत, त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस, तीन तास असं रुजू होईन, सोबत डॉक्टरांचं पत्र असेल, आणि सहाव्या आठवड्याच्या शेवटी वहीतल्या नोंदी घेऊन आपण पुढचे तास ठरवू. ऑफिसनं 'पूर्णवेळ नाहीतर नको' असं म्हटलं, तर अर्धवट तयारीत हो म्हणण्यापेक्षा रजा आणखी सहा-आठ आठवडे वाढवून मागा. साडेतीन महिन्यांवर सुधारणा अजून चालू असते. सहा महिन्यांनंतर तिचा वेग कमी होतो, पण ती थांबत नाही, आणि हे आठवडे घरच्या सरावात घातले तर वाया जात नाहीत.